अत्तर, मेंदी आणि बाथरूममधला गीझर

'विसरण' हा शब्द फळ्यावर लिहिला की दरवर्षी मागच्या बाकावरून एक तरी आवाज येतोच, "मॅडम, हे आम्हाला शिकवायची गरज नाही, आधीपासून येतं!" वर्ग हसतो, मीही हसते, आणि मग धडा सुरू होतो. मराठी शास्त्रीय परिभाषेतला हा शब्द मुलांना खरोखर विसरण्याचाच वाटतो. उर्दूत यासाठी 'नुफूज' हा शब्द जास्त चपखल बसतो. नुफूज म्हणजे आत शिरणं, भिनणं. वजनदार माणसाचा समाजात जो असर असतो, त्यालाही उर्दूत नुफूजच म्हणतात.

आपल्या घरात मात्र कुणी विसरणही म्हणत नाही आणि नुफूजही म्हणत नाही. घरात लोणचं मुरतं, मसाला भिनतो, अत्तर दरवळतं, मेंदी चढते. एकाच क्रियेला आपल्या आया-आज्यांनी चार शब्द ठेवले आहेत, आणि प्रत्येक शब्दात तिचा वेगही सांगितला आहे. दरवळायला क्षण पुरतो, भिनायला रात्र लागते, मुरायला महिने. हवा, पाणी आणि घट्ट पदार्थ यांतून कण कसे सरकतात याचं इतकं नेमकं वर्णन पाठ्यपुस्तकातही सापडत नाही.

मूळ गोष्ट साधी आहे. कोणत्याही पदार्थाचे कण स्वस्थ बसत नाहीत. आपण बसलेल्या खोलीतल्या हवेचे रेणू या घटकेला सेकंदाला सरासरी पाचशे मीटरच्या आसपास वेगाने धावत आहेत, म्हणजे ताशी अठराशे किलोमीटर. विमानापेक्षाही जास्त. पाण्यातले रेणू एकमेकांना चिकटून, पण एकमेकांवरून घसरत असतात. दगडातले, लोखंडातले अणू आपल्या जागेवर थरथरतात आणि क्वचितच शेजारची रिकामी जागा सापडली की उडी मारतात. जिथे गर्दी जास्त तिथून जास्त कण बाहेर पडतात, जिथे गर्दी कमी तिथून कमी. कुणी कुणाला ढकलत नाही, कुणी हुकूम देत नाही, तरी हिशेब जुळत जातो आणि शेवटी सगळीकडे सारखं प्रमाण होतं. हेच विसरण.

रेणू दिसत नाहीत, मग हे कळलं कसं, असं मुलं विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ परागकणांमधले अतिसूक्ष्म कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. ते कण काही केल्या एका जागी ठरेनात, सारखे इकडून तिकडे थरथरत. त्याला आधी वाटलं की यात जीव असेल. मग त्याने काचेची पूड, दगडांची पूड, इतकंच काय, इजिप्तच्या स्फिंक्सच्या दगडाचा चुरासुद्धा पाण्यात टाकून पाहिला. हजारो वर्षांच्या त्या निर्जीव दगडाची भुकटीही तशीच नाचत होती. याचं कारण नीट हिशेब मांडून सांगितलं ते आइन्स्टाइनने १९०५ साली: पाण्याचे अदृश्य रेणू चारी बाजूंनी धडका देतात आणि तो कण हेलकावत राहतो. पुढे जाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोग करून हा हिशेब पडताळला, आणि त्याला १९२६ सालचं नोबेल मिळालं. तोवर अणू खरोखर असतात की ती नुसती सोयीची कल्पना आहे, यावर मोठमोठे विद्वान वाद घालत होते. वाद मिटला तो पाण्यातल्या या धुळीमुळे.

आता अत्तराकडे येऊ. विसरण शिकवताना सगळे शिक्षक हेच उदाहरण देतात: कुपी उघडली आणि खोलीभर सुगंध पसरला, पाहा, हे विसरण! दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, रेणू जर सेकंदाला पाचशे मीटर पळतो, तर खोलीच्या त्या टोकाला वास पोचायला एक क्षणही लागायला नको. मग थोडा वेळ का लागतो?" प्रश्न उत्तम होता. उत्तर मात्र तिला वाटलं त्याच्या नेमकं उलट आहे. थोडा वेळ का लागतो हे कोडं नाही, इतका कमी वेळ का लागतो हे कोडं आहे.

रेणू वेगाने पळतो खरा, पण त्याला मोकळा रस्ता मिळत नाही. हवेत एक रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्यांवर आदळतो. रमजानच्या संध्याकाळी मोहम्मद अली रोडवर कुणी धावत निघालं तर जे होईल तेच इथे होतं. पाऊल टाकलं की कुणाचा तरी खांदा, वळलं की दुसऱ्याची कोपरखळी, पुढे चार पावलं, मागे तीन, बाजूला दोन. माणूस दमेपर्यंत पळेल आणि तासाभराने पाहावं तर मिनारा मशिदीपासून फार लांब गेलेला नसेल. अशा चालीचा एक कायदा आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो, अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट.

याचा हिशेब मांडून बघा. अगदी निश्चल हवेत सुगंधाच्या रेणूला एक सेंटिमीटर पसरायला साधारण सात सेकंद लागतात. दहा सेंटिमीटरला त्याच्या शंभरपट, म्हणजे बारा मिनिटं. एक मीटरला एकोणीस तास. आणि तीन मीटरच्या खोलीला सातेक दिवस! म्हणजे अब्बांनी ईदच्या सकाळी लावलेलं अत्तर नुसत्या विसरणाच्या भरवशावर सोडलं तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ते पुढच्या आठवड्यात पोचेल.

मग लगेच पोचतं ते कसं? हवा वाहते म्हणून. पंखा, खिडकी, आपलं चालणं-बोलणं, अंगाच्या उबेने वर उठणारी हवा, हे सगळे तो सुगंध उचलून नेतात. विसरण फक्त शेवटचं काम करतं, म्हणजे हवेच्या झोतात आलेल्या सुगंधाला आजूबाजूला आणि नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेपर्यंत पोचवतं. अत्तराचं उदाहरण देणं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ते अर्धं आहे, आणि आपली पुस्तकं उरलेलं अर्धं सांगत नाहीत याची मला जरा चीड आहे. ते उरलेलं अर्धं कुणाचा तरी जीव वाचवू शकतं. त्याकडे शेवटी येते.

अत्तरावरून आणखी एक. बाजारातल्या स्प्रेचा वास दुपारपर्यंत उडतो आणि कनौजचं अत्तर संध्याकाळपर्यंत टिकतं, ते का? स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते झपकन उडतं. पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेलं असतं. त्या तेलाचे रेणू जड, एकमेकांना धरून असणारे. ते सावकाश सुटतात आणि फुलाच्या सुगंधालाही धरून ठेवतात. कनौजचे कारागीर तयार अत्तर चामड्याच्या कुप्यांमध्ये ठेवत आले आहेत. उरलीसुरली पाण्याची वाफ चामड्यातून हळूहळू बाहेर झिरपते आणि तेल आत राहतं. घन वस्तूतूनही कण जातात, आणि कोणता जाईल हे त्या वस्तूवर ठरतं, हे त्यांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं.

पाण्यात हा प्रवास हवेपेक्षा काही हजार पटींनी मंद चालतो. गुलाबाचं सरबत ग्लासाच्या तळाशी ओतून वरून अलगद पाणी सोडा आणि ढवळू नका. पहिला सेंटिमीटर चढायला साखरेला दिवसाहून जास्त वेळ लागतो. दोन सेंटिमीटरला साडेचार-पाच दिवस. दहा सेंटिमीटरचा ग्लास वरपर्यंत गोड व्हायला जवळपास चार महिने! या रमजानमध्ये ओतलेलं सरबत बकरीद उलटून गेली तरी तयार नसेल. चमचा नावाची वस्तू किती मोठा शोध आहे हे यावरून समजावं. पाणी गरम असेल तर कण जास्त चपळ होतात, म्हणून चहात साखर लवकर विरघळते, पण गरम चहासुद्धा ढवळावाच लागतो.

स्वयंपाकघरातला खरा प्रश्न मटणाचा. बिर्याणीचं मटण रात्रभर मसाला लावून ठेवलं की मसाला 'हाडापर्यंत' जातो, असं आपण सगळ्या मानतो. जातं ते मुख्यतः मीठ. मिठाचे कण बारीक आणि पाण्यात विरघळणारे असतात, तरी मांसात सेंटिमीटरभर आत जायला त्यांना दिवसभर लागू शकतो. आलं, लसूण, गरम मसाला यांच्या सुगंधाचे बरेचसे रेणू तेलात रमणारे, ते वरच्या काही मिलिमीटरमध्येच थांबतात. कच्च्या पपईतलं जे द्रव्य मटण मऊ करतं, ते तर प्रथिन आहे, त्याचा रेणू फार मोठा, ते पृष्ठभागावरच काम करतं. म्हणून पपई जास्त वेळ लावून ठेवली की वरचा थर लगदा होतो आणि आतला तुकडा जिथल्या तिथे. माझी सासू मटणाला आधी नुसतं मीठ लावून ठेवायची, मसाला नंतर, आणि जाड तुकड्यांना सुरीने चिरा द्यायची. कायद्याप्रमाणे बघा: तुकड्याची जाडी निम्मी केली की लागणारा वेळ चौथाई होतो. चिरा देण्यामागचं गणित एवढंच.

घन पदार्थांत कण सरकतात यावर मुलांचा विश्वास बसत नाही. लंडनच्या टांकसाळीत काम करणाऱ्या रॉबर्ट्स-ऑस्टिनने १८९६ साली ते मोजून दाखवलं. शिशाच्या कांड्यांच्या तळाशी सोनं लावून त्या तापवत ठेवल्या, पण शिसं वितळणार नाही इतपतच. नंतर कांड्यांचे काप काढून तपासले, तर न वितळलेल्या शिशातून सोनं वर चढत गेलेलं सापडलं. लोखंडाच्या वस्तूंना कठीण कातडी देण्यासाठी त्या कोळशाच्या भुकटीत पुरून लालबुंद तापवतात, तेव्हाही कार्बनचे कण घन लोखंडात शिरत असतात. काही तासांत जेमतेम मिलिमीटरभर, पण तेवढ्याने धार टिकते.

पण आपल्या घरात घन पदार्थातल्या विसरणाचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे मेंदी. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात शिरतं आणि तिथल्या केराटिन या प्रथिनाला चिकटून बसतं. तळहातावर हा थर जाड, म्हणून तिथे रंग गडद चढतो आणि मनगटाच्या वर फिका. लिंबाच्या आंबटपणाने पानातलं रंगद्रव्य मोकळं व्हायला मदत होते. सुकत आलेल्या मेंदीवर दादी-नानी लिंबू-साखरेचं पाणी का लावतात? मेंदी कोरडी पडली की रंगाच्या रेणूंना चालायला पाणी उरत नाही आणि प्रवास थांबतो. साखर ओल धरून ठेवते आणि मेंदी चिकटवून ठेवते. हात शेकला की कण चपळ होतात. आणि चाँदरातीला काढलेली मेंदी सकाळी नारिंगी दिसली म्हणून रुसणाऱ्या मुलींना सांगा, रंग आत शिरून झाला, आता हवेतल्या ऑक्सिजनने तो दिवस-दोन दिवसांत गडद होईल.

इथे एक सावधगिरी. अर्ध्या तासात काळीभोर रंगते असं सांगून जी 'काळी मेंदी' विकली जाते, तिचा रंग मेंदीचा नसतो. मेंदी कधीच काळी आणि इतक्या लवकर रंगत नाही. त्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. त्याचा रेणू इतका लहान असतो की तो मेलेल्या थरात न थांबता खालच्या जिवंत त्वचेपर्यंत पोचतो, आणि शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. काहींच्या हातावर नक्षीच्या आकाराचेच फोड येतात. वाईट भाग असा की शरीर ही ओळख विसरत नाही. दहाव्या वर्षी काळी मेंदी लावलेल्या मुलीला चाळिशीत केस रंगवताना चेहरा सुजण्याइतकी तीव्र ॲलर्जी होऊ शकते. निकाहाच्या घरात लहान मुलींचे हात पुढे करण्यापूर्वी कोनवरचं लेबल वाचा. लेबलच नसेल तर तो कोन बाजूला ठेवा.

आता श्वासाकडे. लांबचं अंतर कापायला विसरण निकामी आहे हे आपण पाहिलं. पण अंतर अगदी लहान असेल तर त्याच्याइतकं झपाट्याने काम करणारं दुसरं काही नाही. फुप्फुसांत तीस कोटींहून जास्त हवेच्या पिशव्या आहेत. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर सुमारे सत्तर चौरस मीटर भरतील, म्हणजे मुंबईतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढ्या. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. रक्ताचा थेंब त्या पडद्याजवळून जायला पाऊण सेकंद घेतो, आणि ऑक्सिजन पाव सेकंदात आत गेलेला असतो. पंप नाही, झडप नाही, नुसतं विसरण. पुढचं लांबचं अंतर हृदय रक्त वाहवून कापतं, आणि शेवटच्या केसाहून बारीक अंतरात पुन्हा विसरण. अत्तरासारखंच.

पण हा पडदा ऑक्सिजनसाठी वेगळं दार ठेवत नाही. हवेत जे असेल ते आत येतं. इथेच ती गोष्ट येते जिच्यासाठी मी हे सगळं लिहिलं.

हिवाळा आला की दरवर्षी वर्तमानपत्रात बातमी असते: बाथरूममध्ये तरुण मुलगी मृतावस्थेत, किंवा नवरा-बायको, किंवा आई आणि बाळ. गॅस गीझर सुरू, दार आतून बंद, खिडकी बंद. शेजारी म्हणतात, हार्ट अटॅक असेल. बहुतेक वेळा ती कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असते. गीझरची ज्योत छोट्या बाथरूममधला ऑक्सिजन खात जाते. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने धरतो. म्हणजे हवेत तो अगदी थोडा असला तरी श्वासागणिक रक्तातली जागा अडवत जातो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. मग पाय उचलत नाहीत, आणि कडीपर्यंत हात पोचत नाही.

बंद कोळशाच्या शेगडीचंही असंच. "धूर गेला, आता नुसता निखारा आहे, ठेव बाळंतिणीच्या खोलीत," असं अजून ऐकू येतं. निखाऱ्यातून धूर निघत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. बाळंतिणीची, नवजाताची, आजीची खोली बंद करून त्यात शेगडी ठेवू नका. गरोदर बाईला तर दुहेरी धोका, कारण पोटातल्या बाळाचं रक्त हा वायू आणखी घट्ट धरतं.

काही जण म्हणतात, आम्ही वर पलंगावर झोपतो, गॅस खाली बसतो. कार्बन मोनॉक्साइड खाली बसत नाही. त्याचं वजन हवेइतकंच, तो गरम हवेबरोबर खोलीभर फिरतो. खाली बसतो तो सिलिंडरचा गॅस. हवेच्या सरासरी रेणूचं वजन २९ धरलं, तर सिलिंडरमधल्या प्रोपेनचं ४४ आणि ब्यूटेनचं ५८. म्हणून गळती झाली की तो फरशीवर पसरतो, ओट्याखाली, मोरीत, पायरीवरून खालच्या खोलीत. आणि रात्री पंखा बंद, खिडकी बंद असेल तर विसरणाने तो आपोआप पातळ होईल ही आशा सोडा. एक मीटरला एकोणीस तास, हे वर मोजलंच आहे. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास हा गॅस मिसळला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. स्वयंपाकघराची झडप फक्त वर, छताजवळ असेल तर तिचा इथे उपयोग नाही. खाली हवा जायला जागा हवी. उलट पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो, त्याचं वजन १६, तो वर चढतो. ज्यांच्याकडे पाइपलाइन आली त्यांनी वरची झडप बुजवू नये. सिलिंडरवाल्यांनी खालची.

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं द्रव्य मिसळतात, आणि आपलं नाक ते इतक्या कमी प्रमाणात ओळखतं की आग लागण्याजोगा गॅस साठण्याच्या कितीतरी आधी सूचना मिळते. पण नाकाला वासाची सवयही होते. दहा मिनिटं त्याच खोलीत बसलेल्याला तो येईनासा होतो. बाहेरून आलेला "गॅसचा वास येतोय" म्हणाला तर त्याचं ऐका. बटण दाबू नका, चालू तर नाहीच, बंदही नाही. दोन्हीत ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखासुद्धा लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ वर फोन करा. हा सिलिंडरच्या गळतीसाठीचा क्रमांक आहे.

कार्बन मोनॉक्साइडला असा कुणी वास लावून देत नाही, म्हणून तिथे सवयच हवी. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आमच्याकडे जागा नाही, असं ज्या घरांत म्हणतात त्या घरांनी निदान बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार काही वेळ उघडं ठेवावं आणि मग आंघोळ करावी. बाथरूमची काच थंडीत कागद लावून बंद करू नका. ज्योत निळी असायला हवी. पिवळी दिसू लागली की मेकॅनिकला बोलवा, तोवर वापरू नका. मुलांना सांगा, बाथरूमची कडी आतून न लावता नुसतं दार लोटून घ्यायचं. तरुण मुलींच्या घरात हे अवघड वाटतं, मला माहीत आहे. बाहेर कुणीतरी असावं आणि दर पाच मिनिटांनी हाक मारावी. हे तरी जमण्यासारखं आहे.

हाकेला उत्तर आलं नाही तर विचार करत बसू नका, दार तोडा. गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा, स्वतः आत रेंगाळू नका, कारण ती हवा तुमच्याही फुप्फुसात तशीच शिरते. १०८ ला फोन करा. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कोरोनापासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही लालच असतं, आणि साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही. तो ९८ दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल. आकडा पाहून "ठीक आहे, जरा चक्कर आली असेल" म्हणून घरी झोपवू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: गॅस गीझर चालू होता, दार बंद होतं. मग डॉक्टर रक्ताची योग्य तपासणी करतील आणि मास्कने शुद्ध ऑक्सिजन देतील. नुसत्या हवेवर रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर एक-दीड तास. घरातल्या दोन-तीन माणसांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटू लागलं, तर जेवणाला किंवा नजरेला दोष देण्याआधी शेगडी आणि गीझर तपासा.

मुलांसाठी एक प्रयोग देते, परीक्षेतही उपयोगी पडेल. दोन काचेचे ग्लास, एकात फ्रिजचं थंड पाणी, दुसऱ्यात गरम. दोन्ही पाच मिनिटं हलवू नका, पाणी शांत होऊ द्या. मग प्रत्येकात सरबताचा एक-एक थेंब तळाशी सोडा. त्यासाठी स्ट्रॉ वापरा, वरचं टोक बोटाने बंद करून खाली नेता येतं. दोन्हींचा रंग किती चढला याची खूण दर तासाला पेनने ग्लासावर करा. तिसरा ग्लास साध्या पाण्याचा घ्या आणि तो कपाटाच्या वर, कुणी हात लावणार नाही अशा जागी ठेवा. त्याच्यावर रोज एकच खूण. चार दिवसांनी पहिल्या सेंटिमीटरला आणि दुसऱ्या सेंटिमीटरला लागलेला वेळ वहीत शेजारी शेजारी लिहा, आणि कुणी धक्का लावला असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा.